मी सांगितलेला कौल

हे मी आजवर बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर खरं सांगतानाही आपण आधी केसांवरून हात फिरवून घेतो.

सुरुवात अगदी साधी आहे. आम्ही युरोपला जायचं ठरवलं.

लोणावळ्यातल्या आमच्या तुंगार्लीच्या सोसायटीत युरोपला कुणी जात नाही. युरोप करतात — सत्यनारायण करावा तसा. करून आले की तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर फोटो लावतात, प्रसादासारखी चॉकलेटं वाटतात, आणि आपण प्रत्येक मनोऱ्याला 'वा' म्हणायचं असतं. मी तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. या शहरांवरची पुस्तकं वाचणारा त्या ग्रंथालयात बहुधा मी एकटाच. तेव्हा अशा कार्यक्रमांत मागच्या रांगेत बसून मी हलक्या आवाजात चुका दुरुस्त करायचो. हे चर्च त्या शहरातलं नव्हे, तो राजा पहिला नव्हे, दुसरा. फार समाधान वाटायचं. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, चुकाच काढायच्या तर एकदा तिथे जाऊन काढा ना."

तर निघायचं ठरलं. मी, बायको वंदना, मुलगी मीरा. दहा दिवस, चार शहरं — पॅरिस, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग. आणि वंदना पहिल्याच दिवशी म्हणाली, "अक्कांना न्यायचंच."

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. पवनानगरच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे दोन खोल्यांत ती एकटी राहायची. पण तिचं निम्मं आयुष्य खंडाळ्याच्या एका बंगल्यात गेलं. आठवडाभर तिथे काम करायचं, रविवारी गावी यायचं. मी शिकलो तो तिच्या त्या कामावर. बंगल्याच्या जिन्यात चार चित्रं होती, काचेच्या चौकटीत. एक पूल, एक घड्याळ, पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या आणि एक मोठा रस्ता. ती रोज सकाळी पुसायची. कुठली गावं ते तिला बरेच दिवस माहीत नव्हतं. मग बाईसाहेबांनी कधीतरी नावं सांगितली आणि तिनं ती पाठ केली. युरोपचं ऐकल्यावर ती हसली. "तीस वरसं मी पुसलीत ती गावं. आता येकदा जाऊन बघते, सोच्छ ऱ्हायलीत का न्हाई."

हसण्यामागे एक गोष्ट होती, ती सांगायला हवी. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता. बाजूची नजर आधीच मिटली होती, मध्ये एक गोल तेवढा उरला होता — ती म्हणायची, "पाइपातून बघितल्यावानी दिसतंय." डॉक्टरांनी थेंब दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि राहिलेलं वर्षभर टिकलं तर नशीब. तेव्हा तिला जायचं होतं ते हौस म्हणून नव्हे. डोळ्यांचं दार लागायच्या आत तिला ती चार गावं बघायची होती. हे मला माहीत होतं. सगळ्यात आधी मलाच माहीत होतं.

आता पुढचं सांगताना मी थोडा रेंगाळणार आहे. चालेल ना?

आखणी माझ्याकडे होती. ग्रंथालयातून टाकून द्यायला काढलेली कोरी कार्डं मी घरी आणली होती. प्रत्येक अर्ध्या दिवसाला एक कार्ड. वर शहर, खाली वेळ, त्याखाली काय बघायचं आणि ते का बघायचं. अक्काला बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून मीरानं तिच्यासाठी स्केचपेननं मोठ्या अक्षरांत दुसरा संच केला. पंधरा दिवसांनी मी गावी गेलो तर अक्कानं ती सगळी कार्डं ओसरीवर मांडली होती. प्रागच्या कार्डाजवळ पितळी तांब्या उलटा — ते म्हणे घड्याळ. व्हेनिसला पाण्यानं भरलेली परात. आणि ती अनवाणी, नऊवारीचा काष्टा आवरून, एका कार्डाकडून दुसऱ्याकडे चालत होती. तोंडानं मोजत होती. दिवसातून तीनदा चालायची, शेजारची सुमन सांगत होती. का? तर तिथं नजर गेलीच, तर पायांना ठाऊक असावं.

मी हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही. ती परातीपाशी थांबली, पदर सावरून वाकली आणि परातीतल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "हितं तिसऱ्या पायरीवर शेवाळ हाय. जपून." कुणाला म्हणाली? मी दारात उभा होतो, ते तिनं अजून पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून ती मला प्रश्न विचारू लागली. पुलाच्या त्या टोकाला काय आहे? रस्त्याच्या शेवटी तो उजेड कसला? माझ्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि ती मान हलवायची. न पटल्याची मान होती ती. मुलाला चूक दाखवायची नाही म्हणून गप्प बसतात ना, तशी.

मी तेव्हापासून म्हणू लागलो, अक्काला नको न्यायला — तिचे गुडघे. वंदना म्हणाली, त्यांचे गुडघे तुमच्याहून बरे आहेत. मी म्हणालो, थंडी. मीरानं तिच्यासाठी थर्मल आणलं. मी म्हणालो, पासपोर्ट. भांडी घासून अक्काच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या, यंत्र ठसे घेईना. पासपोर्ट ऑफिसातली मुलगी तिची बोटं पुन्हा पुन्हा पुसून काचेवर ठेवत होती, आणि मी मागे उभा राहून — खरं सांगतो — ठसे उमटू नयेत असं म्हणत होतो. उमटले. महिन्याभरात पासपोर्ट घरी आला.

खरं कारण काय होतं? ते मी स्वतःलाही बरीच वर्षं वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून दाखवलं. हॉटेलातली सकाळची न्याहारी माझ्या डोळ्यांसमोर यायची. आणि तिचा आवाज, मोकळा, गावच्या बांधावरून हाक मारल्यासारखा — "आरं, ह्ये कसं खायाचं रं?" माना वळतील. मला तिची लाज वाटत होती. जिच्या कामावर मी चार पुस्तकं वाचायला शिकलो, तिची. आणि याच्याही खाली आणखी एक थर होता. त्या पुलावर मला एकट्यालाच जाणकार व्हायचं होतं. मुलीला मी सांगणार होतो, हे अमुक, हे तमुक. शेजारी अक्का असती तर ती काहीच बोलली नसती, फक्त मान हलवली असती.

'अक्का, तू येऊ नकोस,' एवढं म्हणायला किती धैर्य लागतं? माझ्याकडे तेवढं नव्हतं. म्हणून मी देवाला पुढे केलं.

मी देव मानत नाही, हे लोणावळ्यात बऱ्याच जणांना माहीत आहे. मीच त्यांना ऐकवलेलं आहे. नवस, कौल, अंगात येणं यांवर मी भाषणं दिली आहेत. आमच्या घरात लांबच्या प्रवासाआधी गावच्या भैरवनाथाला कौल लावायची रीत होती. देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. ज्याच्यासाठी कौल, त्यानं डोळे मिटून बसायचं. घरातल्या पुरुषानं बघून सांगायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा ही रीत मोडायला लावली होती. आणि आता मीच फोन करून म्हणालो, "अक्का, एवढ्या लांब जायचं तर कौल लावूया का?"

तिच्या आवाजात इतका आनंद आला, की — मला अजून ऐकू येतो तो. तिला वाटलं, मी सुधारलो.

आम्ही दुपारी गेलो. भाताच्या लावणीचे दिवस होते, गुरवआबा खाचरात होते. ती वेळ मी मुद्दाम निवडली होती. देऊळ टेकाडावर आहे, आत दिवसाही समई लागते. अक्का देवासमोर बसली, हात जोडले, डोळे मिटले. माझ्या खिशात डिंकाची छोटी बाटली होती, पुस्तकांना लेबलं चिकटवायची. झेंडूच्या दोन पाकळ्या घेतल्या. डावी नुसती तांब्यातल्या पाण्यात बुडवली. उजवीला मागून डिंक लावला आणि देवाच्या खांद्यावर अंगठ्यानं दाबून धरली. तो दगड गार असायला हवा होता. गार नव्हता. माणसाच्या खांद्याइतका कोमट होता.

मी हात काढून मागे सरलो.

बाहेर पाऊस होता, पण आत त्याचा आवाज येत नव्हता. समईची वात सरळ होती. अक्का श्वास घेत होती की नाही, कळत नव्हतं. डावी पाकळी सुटायची वाट बघत मी उभा होतो. पाच मिनिटं गेली असतील. दहा. डावी जागची हलली नाही. मग उजवी — मी दाबून चिकटवलेली — वरच्या कडेनं हळूच सुटली, नखानं कुणी उचलावी तशी, आणि पडली. पाकळी पडल्याचा आवाज होत नाही. मी तो ऐकला.

दमट हवेत डिंक धरत नाही, हे ग्रंथपालाला कळायला हवं होतं. आणि त्याच ओलाव्यानं डावी धरून ठेवली. असं मी स्वतःला सांगतो. बरोबरच असेल.

पण त्या क्षणी मला हे काही सुचलं नव्हतं. मला एवढंच कळलं की विचारलेल्याचं उत्तर आलं, आणि ते मला नको असलेलं आहे.

"पडलं का रं?" अक्कानं विचारलं. डोळे मिटलेलेच.

"पडलं."

"कुटलं?"

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक जागा होती. तुम्हाला वाटेल अशा वेळी माणूस गोंधळतो, तोंडातून भलतंच निघतं. तसं काही झालं नाही. मी पुरता शुद्धीवर होतो. मला उजवी पाकळी पायाशी दिसत होती. मी तिच्यावर पाय ठेवला आणि म्हणालो, "डावं."

तिनं डोळे उघडले नाहीत. तशीच म्हणाली, "बरं झालं बाबा, त्यानंच सांगितलं. तू न्हाई म्हनला असतास, तर मी आयकलं नसतं." आणि डोकं टेकवून नमस्कार केला. जिथे टेकवलं तिथून माझा पाय वीतभर लांब होता.

वंदना फार भांडली. "आयुष्यभर कौलाला हसलात आणि आता?" मीरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हणालो, तिची श्रद्धा आहे, मी कोण मोडणारा? काय वाक्य आहे पाहा. कुणाच्याही भाषणात शोभलं असतं. अक्काच त्या दोघींना समजावत होती. देव काही उगा अडवायचा न्हाई, म्हणाली.

ऑक्टोबरात आम्ही तिघं गेलो. पॅरिस, व्हेनिस, व्हिएन्ना. मी कार्डं वाचून दाखवत होतो आणि दोघी ऐकत होत्या. मला काहीच दिसत नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण चित्रासमोरच्या काचेत आपलंच तोंड दिसावं तसं. व्हेनिसला मीरा पायऱ्या उतरताना घसरली. तिसऱ्या पायरीवर. लागलं नाही फारसं. वंदना म्हणाली, शेवाळ असतं हो, पाण्याजवळ. मी हो म्हणालो.

प्रागला घड्याळाच्या चौकातून मीरानं सुमनच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. अक्का फोन डोळ्याला अगदी चिकटवून बघत होती. पडद्यावर तिचा नुसता एक डोळा दिसत होता, मोठा, पांढुरका. घड्याळ बघून झालं. मग ती म्हणाली, "मीरे, जरा वळ. घड्याळाच्या मागं बोळ हाय, तितं चल. हिरवं दार हाय. पितळंची मूठ हाय त्याला, हाताच्या पंज्यावानी."

मीरा वळली. बोळ होता. हिरवं दार होतं. दारावर पितळी पंजा होता, बोटं खाली केलेला. मीरा हसून ओरडली, "अक्काआत्या, तुम्ही इथे राहता की काय!" वंदना म्हणाली, चित्रात असेल, तीस वर्षं पुसलंय त्यांनी. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं असतं.

पण परत आल्यावर मी खंडाळ्याला गेलो. बंगल्याचं आता हॉटेल झालं आहे. दारात फ्रेंच नाव आणि आत मिसळ मिळते. चित्रं अजून जिन्यात आहेत. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिलो. लहानपणी मला मागच्या दारापलीकडे जायला मनाई होती. चारही चित्रं काळ्या शाईची आहेत. कुठेही रंग नाही. घड्याळामागे बोळ आहे, आणि बोळात नुसत्या आडव्या-उभ्या रेघा भरून काळोख केलेला आहे. दार नाही. मी चष्मा काढून, घालून, काचेला नाक लावून पाहिलं. दार नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर मागचं सगळंच सांगावं लागलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्काची उरलेली नजर गेली. एका सकाळी उठली आणि सुमनला म्हणाली, दिवस उगवला न्हाई का अजून. आता ती आमच्याकडे असते, तळ्याकडच्या खोलीत. रडली नाही. आमच्याविषयी तक्रार नाही, देवाविषयी तर नाहीच. दुपारी जेवण झालं की खिडकीशी बसते आणि पाय हलके हलके हलवते, जागच्या जागी. वंदना विचारते, "अक्का, आज कुठे?" सुरुवातीला ती थट्टा होती. अक्का सांगते. पुलावर हाय. धुकं हाय लय. तुमी दोघी पुढं चाललाय, वंदनानं ती निळी शाल घेतलीय आन् मीरा सारखी मागं वळून बघतीय.

मीरा एकदा फोनमधले फोटो काढून बसली. शाल निळी होती. धुकं होतं. ज्या ज्या फोटोत मीरा आहे, त्यात त्यात ती मागे वळून बघते आहे — ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मीरानं फोन पालथा ठेवला. त्यानंतर ती तपासत नाही, फक्त ऐकते.

परवा आम्ही तिघंही तिच्यापाशी बसलो होतो. ती व्हेनिसच्या पायऱ्यांवर होती. वंदना कुठे आहे, मीरा कुठे आहे, पाणी किती वर आलं आहे, सगळं सांगत होती. मी आजवर कधी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि मी, अक्का? मी कुठे आहे?"

तिनं माझ्या दिशेला तोंड केलं. बरोबर माझ्या दिशेला.

"तू कुटला रं तितं?" ती म्हणाली, अगदी मायेनं, लहानपणी ताप आल्यावर बोलायची तशी. "तुला कौल न्हवता मिळाला. इसरलास व्हय?"

वंदनानं माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. वय झालंय, मनावर घेऊ नका, असं. मीरा खाली बघत राहिली.

"हो," मी म्हणालो. "मला नव्हता मिळाला."

"मग ऱ्हाऊ दे. वाईट वाटून घिऊ नगं. मी सांगते तुला समदं." तिनं हात पुढे करून माझा हात चाचपला, धरला, आणि पहिल्या पायरीपासून सांगायला लागली. मी ऐकत होतो. पाण्याचा रंग, घाटाला बांधलेल्या होड्या, वर वाळत घातलेले कपडे, कुठल्याशा खिडकीतली एक म्हातारी. त्या पायऱ्यांवर मी अर्धा दिवस उभा होतो, हातात कार्ड घेऊन. तिनं सांगितलेलं त्यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं.